भाचीने विचारलं, तुझी नोकरी सोपी आहे का

पंधरा जून, रविवार. दुसऱ्या दिवशी शाळा उघडायची होती, म्हणून मी सकाळपासून शाळेच्या व्हरांड्यात खिचडीचा तांदूळ पाखडत बसले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोतं बंद खोलीत राहिलं की तांदळाला जाळी लागते, किडे होतात. खिचडी करणाऱ्या मंदाताई लग्नाला गेल्या होत्या. आमचे दुसरे शिक्षक, शिंदेसर, नवी पुस्तकं आणायला गेले होते. राहिले मी आणि सूप.

आमची शाळा कवठे येमाईच्या पुढे एका वस्तीवर आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. तिन्ही बाजूंना ऊस आणि चौथ्या बाजूला रस्ता. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. सर मीटिंगला गेले की सगळी माझ्याकडे, आणि सर बऱ्याचदा मीटिंगला असतात.

दहा-साडेदहाला स्कूटीवरून प्राजक्ता आली. प्राजक्ता माझ्या खुटबावच्या भावाची मुलगी. रांजणगावला एका कंपनीत क्वालिटी विभागात काम करते आणि तिथंच दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. तोंडाचा स्कार्फ सोडला, चपला काढल्या, ताट पुढ्यात ओढलं आणि तांदूळ निवडायला लागली. तिचा हात माझ्यापेक्षा जलद चालत होता. मला वाटलं होतं, आधी तिच्या बापाचं, म्हणजे माझ्या दादाचं, गाऱ्हाणं सांगेल. पण तिने आधी एक ताट संपवलं.

मला सगळं माहीत होतंच. प्राजक्ताने डी.एड. केलं, परीक्षा दिल्या, भरती निघेना म्हणून कंपनीत लागली. आता शिक्षक भरतीच्या यादीत तिचं नाव आलं होतं. सोमवारी पुण्यात कागदपत्रं तपासायची होती, न गेल्यास हक्क संपला. आणि त्याच आठवड्यात कंपनीने तिला कायम करायचं ठरवलं होतं, नवीन लाईनची जबाबदारी देऊन. दादाचा मला तीनदा फोन येऊन गेला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: "तू सांग तिला. तुझं ऐकंल ती. सरकारी नोकरी, दुपारी घरी, पोरीच्या जातीला याच्यापरीस सोपं काय हाय?"

"आत्या," प्राजक्ता म्हणाली, "एक विचारते. लग्नात सांगतेस तसं नको सांगू."

"लग्नात काय सांगते मी?"

"तेच. जनगणना, मतदार यादी, खिचडी."

ती बरोबर बोलत होती. माझं एक भाषण तयार असतं. लग्नात, साखरपुड्यात, बारशाला कुणी ना कुणी म्हणतंच, "बाई, तुमचं बरंय, वर्षातले निम्मे दिवस सुट्टी," आणि माझं भाषण सुरू होतं. घरोघर फिरून मतदार तपासायचे, किती जणांकडे शौचालय आहे ते मोजायचं, जंताच्या गोळ्या द्यायच्या, खिचडीची चव आधी आपण घ्यायची, मग मुलांना वाढायची, वाढल्याचा फोटो काढून ॲपवर चढवायचा. रेंज नसली तर फोन घेऊन पाण्याच्या टाकीवर चढायचं. टाकीचा मुद्दा आला की लोक हसतात आणि मी जिंकते.

"मग काय सांगू?" मी म्हणाले.

"तुझी नोकरी सोपी आहे का, एवढंच."

मी सूप खाली ठेवलं आणि मला पहिल्यांदा कळलं की याचं उत्तर मला येत नाही.

"भाऊजींच्या मानाने सोपी आहे," मी म्हणाले. माझे धाकटे दीर कारखान्यात प्रेस शॉपला आहेत, पत्रा दाबायच्या मशिनवर. आठवड्याला शिफ्ट बदलते. उजव्या हाताचं एक बोट पेरापासून नाही. जेवताना ते चेष्टा करतात, "वैनी, तुम्हाला काय, खडू लागला तर फार तर हात पांढरा व्हतो." मला गेल्या इतक्या वर्षांत खडूने काही झालेलं नाही. घसा बसतो, पण घसा परत येतो. त्यांचं बोट आलं नाही.

"काकांचं सोड," प्राजक्ता म्हणाली. "माझ्या मानाने?"

"तुझं काम मला कुठं माहितीये."

मग तिने मला तिचं काम सांगितलं. तांदूळ निवडता निवडता इतकं नीट सांगितलं की मला वाटलं, ही शाळेत चांगली बाई होईल. लाईनवरून पार्ट येतो. गेज, म्हणजे मापाचा साचा, लावायचा. बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. रिजेक्टचा लाल ट्रे वेगळा. शिफ्ट संपताना लाल ट्रे मोजला की आज काय झालं ते कळतं. जास्त आले तर मशिनमध्ये काही बिघडलंय, ते शोधायचं. तिने एकदा असा बिघाड शोधला होता, वरच्या साहेबांना सापडला नव्हता तो. ते सांगताना तिचा हात थांबला होता.

"घरी जाते तेव्हा मला माहीत असतं, आज काम झालं का नाही," ती म्हणाली. "तुमच्यात रिजेक्शन कसं कळतं?"

मी म्हणाले, "कळत नाही."

"वर्षाच्या शेवटी?"

"नाही."

"मग कधी?"

याच वेळी फाटकातून ज्ञानोबा आत आले. त्यांचा नातू माझ्याकडे दुसरीत. वय झालेलं, पायात चप्पल नाही, हातात मोबाईल पुढे धरलेला, जसा काही तो तापलाय.

"बाई, ओटीपी आलाय."

"ज्ञानोबामामा, आज रविवार आहे."

"त्याला काय म्हाईत. आला."

फोन चालूच होता. पलीकडून कुणीतरी बोलत होतं, ते बँकेचं नाव सांगून फसवणारं तर नाही ना, हे मी चार प्रश्न विचारून पाहिलं. सिलिंडर पोचवणारा गॅसवाला निघाला, मग मी आकडे वाचून दाखवले. मामांनी फोन बंडीच्या खिशात ठेवला आणि प्राजक्ताकडे बघून विचारलं, "ह्या नव्या बाई व्हय?"

"न्हाई मामा, भाची हाय माझी."

"येऊ द्या की. ह्यास्नी इंग्लिश येत असंल."

ते गेले. प्राजक्ता हसत होती. "हे भाषणात घाल," ती म्हणाली. मी म्हणाले घालीन. पण तिचा प्रश्न तसाच राहिला होता आणि तो मला सोडवत नव्हता. मग मी तिला सानिकाचं सांगितलं. हे मी लग्नात कधी सांगत नाही.

सानिका चौथीत होती तेव्हाची गोष्ट. वर्ग सरांचा, पण पहिली-दुसरी तिची माझ्याकडे झालेली. हुशार, बारीक अंगाची, वर्गात सगळ्यात आधी पाढा म्हणणारी. एप्रिलमध्ये तिचा बाप राजाराम शाळेत आला. तो कधी यायचा नाही, आईच यायची. दारातच उभा राहिला.

"बाई, एक काम हुतं. हिला नापास करा."

मला वाटलं, उलटं बोलला. मी म्हणाले, "पास झालीये ती. पहिली आलीये."

"म्हाईत हाय. म्हणूनच सांगतोय, नापास करा."

पाचवीला गावातल्या शाळेत जावं लागतं. रस्ता उसातून. त्या वर्षी आमच्या भागात बिबट्याचा फार सुळसुळाट होता. कुत्री गेली, शेळ्या गेल्या, आणि पलीकडच्या शिवारात जे घडलं ते मी इथं लिहीत नाही. दुपारीसुद्धा लोक बांधावर ताट वाजवत जायचे. आमच्या शाळेची वेळ बदलली होती, दिवस चांगला वर आल्यावर यायचं आणि ऊन आहे तोवर घरी. मुलांना घोळक्याने सोडायचं, पुढे एक मोठा माणूस, मागे एक. मागे बहुतेक मीच असायचे. मला कुणी असं करा म्हणून सांगितलं नव्हतं. पण मागचं मूल नेहमी चिंचा वेचायला थांबतं, आणि ते मूल कोण हे मलाच माहीत असायचं.

राजाराम म्हणाला, "तुमच्यापाशी राहू द्या अजून एक वरीस. तवर ह्यो ऊस तुटंल, आम्ही दुसरं काहीतरी लावू. नाहीतर पिंजरा लागंल, धरत्याल त्याला. एक वरीस फक्त. चौथी दोनदा केली तर पोरगी काही मरत न्हाई."

मी त्याला नियम सांगितला. चौथीच्या मुलाला नापास करता येत नाही. आणि ही तर पहिली आलेली. शिंदेसरही तेच म्हणाले.

"करता येत न्हाई?"

"नाही."

"मंग तुमच्या हातात हाय काय?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच माहिती हवी होती.

मी ते मनावर घेतलं. वस्तीवर बैठक घेतली. पाचवी-सहावीला जाणारी सात-आठ मुलं, रोज एका घरातला एक माणूस बरोबर, पाळीपाळीने. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. पहिले पंधरा-वीस दिवस मी स्वतः सकाळी कालव्यापर्यंत जायचे आणि तिथून शाळेला परत यायचे. एक जण म्हणालासुद्धा, "बाईंना पगारच हाय त्याचा." माझा पगार कालव्यापर्यंतचा नाही, हे त्याला समजावत बसले नाही.

पावसाळा सरला. ऊस उंच झाला. पाळी चुकायला लागली. कुणाच्या घरी कांद्याची लागण, कुणाची शेतीची लाईट रात्रीची, पिकाला पाणी द्यायला जागायचं म्हणून सकाळी झोप. एक दिवस मुलांनी रस्त्यावर पंजाचे ठसे पाहिले आणि राजारामने सानिकाला घरी बसवलं. मी दोनदा गेले. तो पाणी द्यायचा, चहा द्यायचा आणि नाही म्हणायचा. दिवाळीनंतर त्याने तिला कासुर्डीला मामाकडे ठेवलं. हायवेचं गाव, शाळा जवळ, रस्त्याला दिवे. माझ्या दृष्टीने प्रश्न सुटला. मुलगी शाळेत गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुढच्या पहिलीच्या मागे लागले.

"मग बरं झालं की," प्राजक्ता म्हणाली.

"थांब."

मागच्या वर्षी यवतला एका लग्नात सानिका भेटली. सातवीत. उंच झालेली. जग घेऊन पंगतीत पाणी वाढत होती आणि कडेवर मामाचं धाकटं पोर. एका हातात जग, एका हातात पोर, आणि थेंब सांडत नव्हता. मी हाक मारली. तिने ओळखलं, पाया पडली.

"शाळेत जातेस ना?"

"जाते की बाई."

"नंबर?"

"आता न्हाई येत पयला." मग ती पोराला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "मामी कामाला जाते, ह्याला मीच सांभाळते. शाळेतनं आलं की हाच असतो." तक्रार नव्हती. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलत होती. पुढची पंगत बसत होती, तिला हाका येत होत्या. जाता जाता म्हणाली, "बाई, तवा तुम्ही मला नापास केलं असतं तर एक वरीस आईपाशी राहिले असते."

आणि पाणी वाढायला गेली.

प्राजक्ताने ताटातले खडे एका बाजूला सारले. मी पुन्हा सूप हातात घेतलं.

"म्हणजे पास का रिजेक्ट?" तिने शेवटी विचारलं.

"तेच तर. शाळेत आहे, जिवंत आहे, आठवीत आहे. पास. तिच्याकडे बघून मला पास वाटलं नाही. आणि नापास केलं असतं तर? दुसऱ्या वर्षीही ऊसच लावला त्यांनी. पिंजरा लागला, एक धरला, दुसरा आला. मग काय केलं असतं? परत नापास? मला खरंच माहीत नाही."

"तुझा काय दोष यात."

"दोष नाही म्हणते मी. माहीत नाही म्हणते."

ती म्हणाली, "आमच्याकडे असा पार्ट वेगळ्या ट्रेमध्ये ठेवतात. होल्ड म्हणून. मग साहेब ठरवतात."

"आमच्याकडे साहेब फोटो मागतात," मी म्हणाले. दोघीही हसलो. पण मला एकीकडे राग येत होता, कशाचा ते कळेना. इतकी वर्षं लोक सोपी म्हणतात तर मला अवघड आहे असं वाटतं. आज कुणीतरी खरंच विचारलं तर सोपीही म्हणवत नव्हतं आणि अवघडही. शेवटी अवघड काय होतं? मला बिबट्याने खाल्लं नाही. पगार महिन्याला झाला. मे महिन्यात मी दुपारी झोपले. हेही खोटं नाही.

मंदाताईंसाठी तांदळाचा डबा भरून ठेवला, कुलूप लावलं आणि प्राजक्ताला घरी घेऊन आले. दुपारी भाऊजी होते. ते म्हणाले, "घे गं मास्तरकी. म्हातारपणी कंबर तरी राहील." माझ्या जावेने विचारलं, "पण कंपनीत तिला आवडतंय ना?" प्राजक्ता नुसतीच भाकरी मोडत राहिली. संध्याकाळी दादाचा फोन आला. मी अंगणात जाऊन बोलले.

"सांगितलंस का?"

"बोललो आम्ही."

"सोपी हाय म्हणून सांगितलंस ना?"

"दादा, तिला उद्यापर्यंत विचार करू दे."

"विचार काय करायचा त्यात? तुझ्याकडं बघूनच तर तिला डी.एड.ला घातलं व्हतं मी."

हे मला माहीत नव्हतं. मी फोन ठेवला. माझ्याकडे बघून. म्हणजे साडी नीट, चप्पल बरी, दिवाळीला माहेरी, हे बघून. मी टाकीवर चढलेली त्याने कुठं बघितली होती. किंवा बघितली असेल आणि तरी म्हणत असेल. घरात आले तर प्राजक्ता माझी इस्त्री घेऊन कंपनीचा गणवेश प्रेस करत होती. शेजारी कागदपत्रांची फाईलही होती. दोन्ही एकाच पिशवीत जाणार होतं. मी काही विचारलं नाही. मी शिक्षिका आहे, मुलांनी उत्तर लिहीपर्यंत गप्प बसायची मला सवय आहे. पण त्या दिवशी मी त्यासाठी गप्प नव्हते. मला तिने काय लिहावं असं वाटतं, हेच मला ठरवता येत नव्हतं.

सोमवारी सकाळी लवकर उठले. स्कूटी भाऊजी नंतर पोचवणार होते, कारण तिला पुढे बसच पकडायची होती, कुठलीही असो. मी तिला फाट्यावर सोडलं. शिरूरहून पुण्याला जाणारी एस.टी. आधी आली. थांबली. दोघंतिघं चढले. प्राजक्ताने पिशवी खांद्यावर नीट केली, पण पाऊल उचललं नाही. कंडक्टरने बघितलं, घंटी मारली, गाडी गेली.

"एस.टी. गेली," मी म्हणाले.

"दिसलं, आत्या."

मग कंपनीची पांढरी बस आली. आतल्या मुलींनी तिच्यासाठी खिडकीशी जागा धरली होती. ती पायरीवर चढून मागे वळली. "रागावली नाहीस ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. बस वळली आणि मला इतका राग आला की मी रस्त्याकडेच्या दुकानदाराशी उगाच भांडले, त्याच्या कचऱ्यावरून. मीच तिला खरं सांगितलं होतं. तिने माझंच खरं धरलं होतं. तरी मला वाटत होतं की तिने ते ऐकून घ्यावं आणि एस.टी.त बसावं. सगळं माहीत होऊनसुद्धा हे काम घ्यावंसं तिला वाटावं. असं का वाटलं हे मला आजही नीट सांगता येत नाही.

शाळेत आले, कुलूप काढलं. पहिल्या दिवसाचं आंब्याचं तोरण बांधलं, फळ्यावर स्वागत लिहिलं, पहिलीच्या रांगेत बसायच्या पट्ट्या अंथरल्या. फोन वाजला. दादा. उचलला नाही. परत वाजला. तिसऱ्यांदा उचलला.

"निघाली का पुण्याला?"

"कंपनीत गेली, दादा. मी बसवली तिला."

तो म्हणाला, "काय सांगितलंस तू तिला?"

"खरं ते सांगितलं."

"म्हंजी काय?"

मी व्हरांड्यात उभी होते. रस्ता दूरवर दिसत होता.

"पोरं आलीत, ठेवते," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पोरं अजून यायची होती.